टीडीएस किती आहे हो तुमचा?

मागच्या मे महिन्यात आमच्याकडे एक वॉटर प्युरिफायरवाला आला होता. भर दुपारी टाय लावलेला, खांद्याला बॅग, हातात पेनासारखं एक मीटर. आईने दार उघडलं आणि त्याने पहिलाच प्रश्न टाकला, "मॅडम, टीडीएस किती आहे तुमचा?" आईला वाटलं शुगरसारखं काहीतरी विचारतोय. ती म्हणाली, "नॉर्मल आहे, मागच्याच महिन्यात केली टेस्ट."

मग त्याने खेळ सुरू केला. एका ग्लासात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं मशीनचं पाणी. दोन्हींत सळया बुडवल्या, प्लग लावला, आणि मिनिटाभरात आमच्या ग्लासातलं पाणी चहासारखं झालं! वर तपकिरी-हिरवा साका. त्याचं पाणी मात्र जसंच्या तसं. आईचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. "वहिनी, हे रोज पिताय तुम्ही," असं तो इतक्या हळू आवाजात म्हणाला की जणू कोणी गेलंय.

मी आत व्हायवाचा अभ्यास करत होते (म्हणजे मोबाइल बघत होते), ती बाहेर आले. मंडळी, हा प्रयोग आपण अकरावीत केलेला आहे. लोखंडाची सळई पाण्यात घालून करंट दिला की लोखंड विरघळतं आणि त्याचा गंज होतो. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून त्यातून करंट जातो, मशीनच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतात म्हणून जात नाही. गंज त्याच्या सळईचा आणि बदनामी आमच्या नळाची! मी स्वयंपाकघरातून साखर आणली, त्याच्याच शुद्ध पाण्यात दोन चमचे ढवळली आणि म्हटलं, "आता मीटर लावा." मीटर जेमतेम हललं. मग चिमूटभर मीठ टाकलं तर आकडा धावत सुटला. कारण ते मीटर पाण्यात काय आहे ते बघतच नाही. ते फक्त पाण्यातून वीज किती जाते ते मोजतं आणि एका ठरावीक आकड्याने गुणून 'टीडीएस' दाखवतं. साखर वीज नेत नाही. जंतू मीटरला दिसत नाहीत. बेंझीनसारखं सॉल्व्हंट दिसत नाही. शिसं आणि आर्सेनिकची मर्यादा आपल्या आयएस १०५०० मध्ये लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि मीटर मोजतं एक-एक मिलिग्रॅमने. म्हणजे सोनाराच्या दुकानातलं काम लाकडाच्या वखारीतल्या काट्यावर!

तो बिचारा सामान आवरून गेला. आईने नंतर दुसऱ्याकडून मशीन घेतलंच, ते सोडा.

पण त्या रात्री मला झोप येईना. त्याच्याशी वाद मी जिंकले होते, तरी एका गोष्टीत तो माझ्या पुढे होता. आमच्या घरी येऊन पाणी 'तपासणारा' तो आजवरचा एकमेव माणूस होता! मीटर चुकीचं असेल, हेतू विकण्याचा असेल, पण आला तरी. मी सिव्हिलची तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी. एन्व्हायर्नमेंटल इंजिनिअरिंगच्या जर्नलमध्ये दहा प्रयोग उतरवलेले, सह्या घेतलेल्या... आणि माझ्या घरच्या पाण्याबद्दल मला काहीही माहीत नव्हतं.

इथे एक कबुली. मी मराठी सेक्शनला लेख देतेय म्हटल्यावर आमच्या ग्रुपमध्ये हशा पिकला. कॉन्व्हेंटमध्ये मराठी ही माझी थर्ड लँग्वेज, तीही 'पासिंगपुरती'. तरी हा विषय इंग्लिशमध्ये लिहावासा वाटला नाही. का, ते पुढे आजींच्या गोष्टीत कळेल. ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावं.

तर आम्ही राहतो चिखलोलीला. अंबरनाथ आणि बदलापूरच्या मध्ये. ट्रेनने जाताना एक मोठं होर्डिंगचं रान दिसतं ना, तेच. या दोन स्टेशनांच्या मध्ये चिखलोली स्टेशन मंजूर झालं आणि तेव्हापासून इथे जमिनीतून टॉवर उगवताहेत. गावाच्या नावातच चिखल आहे, तरी ब्रोशरमध्ये ते 'न्यू अंबरनाथ', 'अपर बदलापूर' वगैरे असतं. इथे एक लहानसं धरण आहे, चिखलोली धरण, ज्याचं पाणी अंबरनाथच्या एका भागाला मिळत आलं आहे. बाकीचं पाणी उल्हास नदीवरच्या बदलापूरच्या बंधाऱ्यातून आणि एमआयडीसीच्या बारवी धरणातून. आणि याच चिखलोली-मोरिवली पट्ट्यात एमआयडीसी आहे, त्यात केमिकलचे कारखाने. धरण, गाव, कारखाने आणि आता टॉवर, सगळे एकमेकांचे शेजारी.

आमच्या सोसायटीत नळाचं पाणी येतं थोडा वेळ. मग बोअरिंग. उन्हाळ्यात टँकर. हे तिन्ही जातात खालच्या एकाच टाकीत. म्हणजे 'आमचं पाणी' अशी काही वस्तूच नाही, ती रोजची मिसळ आहे. नळाच्या पाण्याची तपासणी निदान कुठेतरी होत असते, त्याची प्रयोगशाळा असते, क्लोरीन घालणारा माणूस असतो. बोअरिंगचं काय? टँकरवाला कुठल्या विहिरीवरून भरतो? आमच्या सेक्रेटरी काकांना विचारलं तर ते म्हणाले, "पाणी येतंय ना? मग झालं!" आणि खरं सांगू, मे महिन्यात मलाही तसंच वाटतं.

आता आजींची गोष्ट. माझ्या एका मैत्रिणीचं घर गावठाणाच्या बाजूला आहे, जुनं आगरी घर. मागे विहीर. लॅबला 'फिल्ड सॅम्पल' हवं होतं म्हणून मी तिच्याकडे बाटली घेऊन गेले. आजी ओट्यावर बसल्या होत्या. म्हणाल्या, "कशाला तपासतंस गो? आमचं पानी गोर हाय." मला वाटलं, गोरं? पाणी गोरं कसं असेल? मैत्रीण हसून लोटपोट. आगरीत 'गोर' म्हणजे गोड! तर पाणी गोड, आजी सत्तर वर्षं तेच प्यालेल्या, ठणठणीत. माझ्याकडे कुठला पुरावा होता त्यांच्या सत्तर वर्षांपुढे? मी आपलं बाटली भरली.

लॅबमध्ये हार्डनेस काढला (वाइन रेडचा निळा झाला, जर्नलमध्ये लिहितो तसाच, पहिल्यांदा कॉपी न करता). मर्यादेत. क्लोराइड मर्यादेत. पीएच उत्तम. टीडीएस तर आमच्या सोसायटीपेक्षा कमी! आजींचं म्हणणं खरं होतं, पाणी गोर. मग सरांनी एक छोटी बाटली दिली, एच-टू-एस टेस्टची. ही टेस्ट आपल्याच देशातली आहे. ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये ती मांडली आणि पुढे जगभर वापरली गेली. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि एक-दोन दिवस ठेवायचं, बस्स. पाण्यात मैल्यातले जंतू असतील तर काळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाटली पाहिली. शाईसारखी काळी.

मैत्रिणीच्या घरामागे दोन वर्षांपूर्वी चाळ उठली आहे. तिचा शोषखड्डा विहिरीपासून मी पावलांनी मोजला, दहा पावलंही नाहीत. आमच्या पुस्तकात पंधरा-अठरा मीटरचं अंतर लिहिलंय आणि त्यावर आम्हाला दोन मार्कांचा प्रश्न येतो. आजींची सत्तर वर्षं खरी होती. फक्त शेवटची दोन वर्षं वेगळी होती आणि ती चवीला कळत नव्हती.

आता हे आजींना सांगायचं कसं? घरात मैत्रिणीच्या दादाची दोन लहान मुलं आहेत. "विहीर खराब आहे" म्हटलं तर त्यांनी प्यायचं काय? नळ येतो दिवसाआड. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की रिपोर्ट देणं हे काम नसून अर्धं काम आहे. शेवटी मी मराठीत सांगितलं, जमेल तसं. इंग्लिशमध्ये 'फीकल कन्टॅमिनेशन' म्हणून मोकळं होता येतं हो, मराठीत समोर बसून "आजी, पाण्यात संडासचं पाणी येतंय" म्हणावं लागतं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग औषध टाक ना." इतकंच!

म्हणून आम्ही गणित केलं. विहिरीचा व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर, म्हणजे साधारण अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली टीसीएल पावडर, म्हणजे सत्तर ग्रॅम. एका सामोशाच्या वजनाची पावडर! ती बादलीत कालवून, वरचं निवळ पाणी विहिरीत सोडून ढवळायचं, तासभर थांबायचं आणि क्लोरीन उरलंय का ते बघायचं. हे एकदा करून भागत नाही, खड्डा तिथेच आहे. पण मैत्रिणीचा दादा आता ते नियमाने करतो आणि पोरांचं पाणी उकळतात.

जंतूंचा प्रश्न असा निदान हातात घेता तरी आला. दुसरा प्रश्न मात्र तसाच राहिला. आजूबाजूला केमिकलचे कारखाने आहेत, मग विहिरीत धातू आहेत का? सॉल्व्हंट आहेत का? आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये ते बघायची सोय नाही. मी एका खाजगी प्रयोगशाळेत फोन केला.

"पाण्याची टेस्ट करायची आहे."

"कुठली?"

"पिण्याच्या पाण्याची."

"हो मॅडम, पण कुठली टेस्ट?"

मला राग आला. पण तो माणूस बरोबर होता. 'पाणी चांगलं आहे का' असा प्रश्न कुठल्याही मशीनला विचारता येत नाही. पाण्यात शिसं किती, नायट्रेट किती, असं नाव घेऊन विचारावं लागतं. आणि प्रत्येक प्रश्नाची बाटलीसुद्धा वेगळी! जंतूंसाठी निर्जंतुक बाटली, नळाचं पाणी असेल तर आत थायोसल्फेट, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी लॅबमध्ये. धातूंसाठी नमुन्यात नायट्रिक ॲसिड टाकून ठेवायचं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटतात. सॉल्व्हंटसाठी काचेची कुपी काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडासुद्धा नको, कारण ते त्या बुडबुड्यात उडून जातं. म्हणजे बिसलेरीच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून कोणी 'सगळं ओके' असा रिपोर्ट आणला तर त्यात काय काय पाहिलंय ते आधी वाचा.

नाव न घेता विचारलं तर काय होतं याचं उदाहरण बांगलादेश आहे. १९७० नंतर तिथे लाखो ट्यूबवेल खोदल्या गेल्या. हेतू अगदी चांगला होता. तळ्याचं पाणी पिऊन मुलं जुलाबाने मरत होती, जमिनीखालचं पाणी जंतूंच्या दृष्टीने स्वच्छ. ते तपासलं गेलं जंतूंसाठी. आर्सेनिक कोणी बघितलंच नाही, आणि ते जमिनीतच होतं! १९९३ मध्ये ते उघड झालं तोवर लोक वर्षानुवर्षं ते पाणी पीत होते. नंतर ट्यूबवेल तपासून लाल आणि हिरव्या रंगवल्या गेल्या. लाल असेल तर पिऊ नका, इतकं सोपं. वाचता न येणाऱ्यालाही कळेल.

आपल्याकडेही अशी पद्धत आहे हे मला या उद्योगात कळलं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतींना पाण्याच्या स्रोतांची पाहणी करून लाल, पिवळं, हिरवं कार्ड देतात. गावात जलसुरक्षक असतो, ओटी टेस्ट होते. जलजीवन मिशनमध्ये (२०१९) तर गावातल्या पाच-पाच बायकांना किट देऊन पाणी तपासायला शिकवायचं ठरलं. छान! पण ही कार्डं ग्रामपंचायतींसाठी. चिखलोली अंबरनाथ नगरपालिकेच्या हद्दीत. शहर म्हणून पाइपलाइन मोजली जाते आणि विहिरी, बोअरिंग धरल्या जातात 'खाजगी'. आणि गंमत म्हणजे शहर वाढतंय ते याच खाजगी पाण्यावर.

कोणी म्हणेल, उगाच घाबरवतेय. आमच्या भागात घाबरण्यासारखं झालेलं आहे हो. वालधुनी नदी काकोळ्याच्या डोंगरातून निघते. वर काकोळे तलाव आहे, रेल्वेने बांधलेला, तिथल्या पाण्यावर 'रेल नीर'चा प्लांट चालतो. त्या बाटलीवर बॅच नंबर असतो, आयएस १४५४३ असतं, तारीख असते. तीच नदी खाली शिवमंदिराजवळून, १०६० सालच्या मंदिराजवळून, जाते तेव्हा तिच्याकडे बघवत नाही. पुढे उल्हासनगरला नोव्हेंबर २०१४ च्या शेवटी कुणीतरी टँकरमधून घातक केमिकल रात्री वालधुनीत ओतलं आणि नुसत्या वासाने शेकडो लोकांना हॉस्पिटलमध्ये न्यावं लागलं. २०१५ च्या जुलैमध्ये हरित लवादाने उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, नगरपालिका, एमआयडीसी अशा सगळ्यांना मिळून सुमारे ९५ कोटींचा दंड सांगितला. मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. नदीचं दिसतं तरी, वास येतो, कोणीतरी कोर्टात जातं. जमिनीखालच्या पाण्याला ना रंग ना वास, ते कोर्टात कोण नेणार?

माझी आत्या न्यू जर्सीला असते. तिच्या तिकडच्या मैत्रिणीने घर घेतलं तेव्हाची गोष्ट तिने सांगितली. अमेरिकेतही खाजगी विहिरींना त्यांचा १९७४ चा पाण्याचा कायदा लागू नाही, तिथे चार कोटींहून जास्त लोक असं विहिरीचं पाणी पितात. मालकाची विहीर, मालकाचं नशीब. पण न्यू जर्सीने २००२ पासून एक नियम आणला. विहीर असलेलं घर विकताना पाणी तपासायचं आणि विकणाऱ्याने व घेणाऱ्याने दोघांनी तो रिपोर्ट बघितल्याशिवाय व्यवहार पूर्ण होत नाही. भाड्याने देत असाल तर दर पाच वर्षांनी टेस्ट, आणि भाडेकरूला कॉपी. काय काय तपासायचं त्याची यादी ठरलेली, आणि सुरुवातीला ती काउंटीप्रमाणे थोडी वेगळी होती, कारण कुठल्या जमिनीत काय सापडतं ते वेगळं.

मला हे फार आवडलं. कारण यात सरकारने नवीन काही बांधायचं नाही, नुसता कागद बरोबर वेळी बरोबर माणसाच्या हातात द्यायचा. आपल्याकडे फ्लॅट घेताना काय काय बघतो आपण! कार्पेट एरिया, महारेरा नंबर, स्टेशनपासून किती मिनिटं (ब्रोशरमधली मिनिटं वेगळी असतात), वास्तूसुद्धा. चिखलोलीत रोज कितीतरी ॲग्रीमेंट होत असतील. त्यातल्या एकाला जरी बोअरिंगच्या पाण्याचा रिपोर्ट जोडलेला असेल तर मी कॅन्टीनमध्ये सगळ्यांना वडापाव देते. बिल्डर क्लबहाऊसचा फोटो देतो, पाण्याच्या टेस्टचा कागद का नाही देऊ शकत? एमआयडीसीच्या शेजारी असाल तर त्या यादीत धातू आणि सॉल्व्हंट हवेत, नुसते पीएच आणि टीडीएस चालणार नाहीत. आणि रिपोर्ट सेक्रेटरीच्या कपाटात नको, लिफ्टच्या शेजारी हवा, गणपतीच्या वर्गणीची यादी लावतो तिथे. तारखेसकट. टँकरवाल्याकडेही तोच कागद मागायचा.

आमच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये मी हे मांडलं. एक काका म्हणाले, "समजा रिपोर्ट खराब आला, तर फ्लॅटचे भाव पडतील ना!" त्यावर बरीच डोकी हलली. हा मुद्दा मला आधी सुचलाच नव्हता, आणि मला वाटतं खरी अडचण हीच आहे. रिपोर्ट चांगला येणार याची खात्री असेल तरच तपासायचं, हे आपण केटी लागायच्या भीतीने रिझल्ट न बघण्यासारखं आहे. रिझल्ट लागलेलाच असतो! शेवटी बरीच चर्चा होऊन जंतूंची टेस्ट करायला मंजुरी मिळाली. धातूंसाठी "पुढच्या मीटिंगला बघू".

दरम्यान मी एका सरकारी कार्यालयात (नाव घेत नाही) पाण्याच्या तपासणीचे जुने रिपोर्ट मागायला गेले होते. तिथल्या साहेबांनी चष्म्यावरून बघून विचारलं, "प्रोजेक्टला हवेत ना? नेटवरून घ्या, सगळे तेच करतात." मी म्हटलं, "प्यायला हवेत." त्यांना विनोद कळला नाही. म्हणून आता माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकला आहे, दहा रुपयांची फी भरून, मराठीत. त्यात तीन वेळा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं, मैत्रिणीच्या दादाने सुधारून दिलं. तीस दिवसांत उत्तर द्यायचं असतं, म्हणजे तिसावा दिवस नेमका सबमिशनच्या आठवड्यात येतोय. आजी विचारतात, "तुझ्या कागदाचं काय झालं गो?" आणि जाताना पाणी देतात. उकळलेलं असतं आता, थोडं कोमट. पण गोर.